ब्युर्गरमाइस्टरला मराठीत महापौर म्हणावं का?

विचारणा थोडक्यात अशी आहे: जर्मनीतल्या विंटहागेन गावचे योसेफ र्‍युडेल १९६३ पासून २०१९ पर्यंत तिथले ‘ब्युर्गरमाइस्टर’ होते आणि वयाच्या ९४ व्या वर्षी पायउतार झाले. मराठी मजकुरात त्यांना ‘महापौर’ म्हटलेलं आढळलं. चार-साडेचार हजार वस्तीच्या गावाला महापौर कसा असेल? मग योग्य शब्द कोणता?

शंका रास्त आहे. गंमत अशी की व्युत्पत्ती पाहिली तर ‘महापौर’ फार जवळचा शब्द ठरतो. ‘ब्युर्गर’ हा ‘बुर्ग’वरून आला. बुर्ग म्हणजे तटबंदीची जागा, कोट. त्या कोटाच्या आत राहणारा तो ब्युर्गर, पुढे अर्थ झाला नागरिक. आपल्याकडे ‘पुर’वरून ‘पौर’ झाला, तसंच हे. ‘माइस्टर’ लॅटिन ‘मागिस्टर’पासून आला. त्याच मुळातून पोर्तुगीज ‘मेस्त्र’ निघाला, आणि त्याच्यापासून गोव्या-कोकणातला आपला मेस्त्री. इंग्रजीतून आलेला मास्तरही याच घराण्यातला. म्हणजे ब्युर्गरमाइस्टर हा पौरांचा मेस्त्री! सावरकरांनी रुळवलेल्या शब्दांत गणला जाणारा ‘महापौर’ याच्या शेजारी बसवला तर शोभून दिसतो.

पण पदाचा शब्द घडणीवरून ठरवू नये, खुर्चीवरून ठरवावा. महाराष्ट्रात महापौर फक्त महानगरपालिकेला असतो. त्याला नगरसेवक निवडतात, मुदत अडीच वर्षांची, आणि कारभाराच्या किल्ल्या आयुक्ताकडे. र्‍युडेल यांच्या पदाला यातलं काहीच लागू पडत नाही.

विंटहागेन र्‍हाइनलांड-फाल्त्स राज्यात, नॉयवीड जिल्ह्यात आहे. त्या राज्यात लहान गावांचे गट केलेले असतात. विंटहागेन आस्बाखच्या गटात येतं. कचेरी आणि कर्मचारी गटाचे, आणि गटाचा प्रमुख पगारी असतो. त्यालाही ब्युर्गरमाइस्टरच म्हणतात. गावाच्या प्रमुखाला मात्र ‘ओर्ट्सब्युर्गरमाइस्टर’ म्हणतात, ‘ओर्ट’ म्हणजे गाव. हे पद मानद, खर्चापोटी मानधन मिळतं तेवढंच. तो गावसभेचा अध्यक्ष असतो. पूर्वी त्याला सभेचे सदस्य निवडत, १९९० च्या दशकापासून मतदार थेट निवडतात. आपल्याकडे सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली, हे आठवत असेलच.

तेव्हा र्‍युडेल यांना मी ‘सरपंच’ म्हणेन. छप्पन्न वर्षं सरपंच. मराठी वाचकाला यातून गावाचा आकारही कळतो आणि माणसाचा टिकाऊपणाही. कोणी ‘पाटील’ सुचवेल, कारण इतकी वर्षं म्हटली की पाटीलकीच आठवते. पण पाटीलकी वतनाची, घराण्यात चालणारी. हे गृहस्थ ख्रिस्ती लोकशाही पक्षाकडून निवडून येत राहिले. मानद पदाला मुदतींची मर्यादा नाही, वयाचीही नाही, म्हणून हे शक्य झालं. गावाला बरे दिवस होते हेही खरं. रस्त्याचा डांबरी थर खरवडणारी यंत्रं बनवणाऱ्या व्हिर्टगेन कंपनीचं मूळ याच गावात, १९६१ सालचं. (पुण्याजवळही तिचा कारखाना आहे.) जर्मनीत व्यवसाय कर स्थानिक संस्थेला मिळतो आणि त्याचा दर तीच ठरवते. त्यामुळे अशी कंपनी गावात असली की सरपंचाच्या हाती खर्च करायला काहीतरी असतं. आपले सरपंच हे वाचून सुस्कारा टाकतील.

गावाऐवजी छोटं शहर असेल तर ‘नगराध्यक्ष’ लिहावं. इथे एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये असा नगराध्यक्ष थेट आठ वर्षांसाठी निवडला जातो, सभेचं अध्यक्षपद आणि प्रशासन दोन्ही त्याच्याच हाती. म्हणजे आपला नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी मिळून एकच माणूस. दोन-तीन मुदती मिळाल्या तर एका पिढीची शाळा, पाणी, रस्ते सगळं त्याच्याच सहीने होतं. दीर्घ कारकीर्दीबद्दल लिहिताना ही सत्ता एका वाक्यात सांगितली नाही, तर आपला वाचक फीत कापणारा माणूस डोळ्यासमोर आणतो.

आणि असा फीत कापणारा ब्युर्गरमाइस्टर जर्मनीतही होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर जर्मनीचा बराच भाग ब्रिटिशांच्या ताब्यात होता. त्यांनी तिथे आपल्या घरची पद्धत आणली: मानाचा अध्यक्ष वेगळा, प्रशासन चालवणारा नगर-संचालक वेगळा. नोर्डऱ्हाइन-वेस्टफालन आणि निडरझाक्सनमध्ये ही दुहेरी रचना १९९० च्या दशकापर्यंत टिकली. महापौर-आयुक्त जोडीला सरावलेल्या आपल्याला ती लगेच कळेल, कारण आपल्याकडचा आयुक्तही ब्रिटिश अमदानीतलाच. त्या काळातल्या तिथल्या ब्युर्गरमाइस्टरला ‘महापौर’ म्हणायला माझी हरकत नाही, शहर मोठं असेल तर.

आजच्या मोठ्या शहरांच्या प्रमुखाला ‘ओबरब्युर्गरमाइस्टर’ म्हणतात. त्याला ‘महापौर’ खुशाल म्हणा. कोनराड आडेनाउअर पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर होण्यापूर्वी १९१७ ते १९३३ कोलोनचे महापौर होते, हे वाक्य निर्दोष आहे. पण ‘ओलाफ शोल्त्स हॅम्बुर्गचे महापौर होते’ हे अपुरं. हॅम्बुर्ग आणि बर्लिन ही शहरं स्वतःच राज्यं आहेत. तिथला ब्युर्गरमाइस्टर हुद्द्याने मुख्यमंत्रीच.

र्‍युडेल यांच्याबद्दल पुढे वाचताना ‘आल्टब्युर्गरमाइस्टर’ हा शब्द भेटेल. ‘आल्ट’ म्हणजे जुना, म्हातारा. यंत्राने केलेल्या भाषांतरात याचा ‘वृद्ध महापौर’ व्हायला वेळ लागणार नाही, आणि चौऱ्याण्णव वर्षांच्या माणसाबाबत ते कोणाला खटकणारही नाही. अर्थ ‘माजी’ एवढाच, पण आदराने म्हटलेला. माजी सरपंच लिहिलं तरी चालेल.