वाचकांचे प्रश्न : बाबासाहेबांनी वकिली केव्हा सोडली?

प्रश्न : सनद मिळाल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षे, मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काम करतो. माझ्या वडिलांचे आयुष्य यंत्रमागावर गेले. मला सार्वजनिक कामाची ओढ आहे, परंतु आमचे साहेब म्हणतात, "एक तर वकिली करा, नाही तर राजकारण. दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका." डॉ. बाबासाहेब आंबेडकर आधी बॅरिस्टर होते आणि नंतर नेते झाले. त्यांनी वकिली नेमकी केव्हा सोडली, आणि का?
— एक तरुण वकील, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या साहेबांचा सल्ला काळजीपोटी दिलेला आहे, त्याचा अनादर करू नका. पण "आधी बॅरिस्टर, नंतर नेते" ही जी मांडणी तुम्ही गृहीत धरली आहे, ती बाबासाहेबांच्या बाबतीत टिकत नाही. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि व्यवसाय म्हणून न्यायालयात उभे राहणे साहजिकच मागे पडले, हे खरे. तरी त्याआधीची जवळजवळ वीस वर्षे ही दोन्ही कामे त्यांच्या एकाच टेबलावर होती.

लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आल्यावर १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. सनदेच्या पैशांसाठीसुद्धा नवल भथेना या पारशी मित्राचे साहाय्य घ्यावे लागले होते. उच्च न्यायालयात ब्रीफ, म्हणजे खटल्याचे काम, मिळायचे ते अशील आणि बॅरिस्टर यांच्यामध्ये असणाऱ्या सॉलिसिटरांकडून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे ब्रीफ पाठवायला सॉलिसिटर तयार नसत. त्यामुळे कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेल्या या माणसाला मुफस्सलातील, म्हणजे मुंबईबाहेरच्या, आणि खालच्या न्यायालयांतील कामांवर भिस्त ठेवावी लागली, आणि संसार चालवण्यासाठी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. ज्युनिअर म्हणून काढलेली तीन वर्षे तुम्हाला लांब वाटत असतील, तर हा काळ आठवावा. १९२६ मध्ये पुण्यात ब्राह्मणेतर चळवळीतील एका पुस्तिकेवरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांनी केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि केशवराव बागडे यांना अपिलात सोडवले, तेव्हा वकील म्हणून त्यांचे नाव झाले.

तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र ज्या दाव्यात आहे, त्यात ते प्रतिवादी होते. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह झाला. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले, आणि ते सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केलेला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी चालू असताना काही सवर्णांनी महाडच्या न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसे तळ्याकडे निघण्यासाठी जमली असताना परिषदेने हा हुकूम मोडायचा नाही असे ठरवले. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या कायद्याने माणसाला माणूस मानले नाही तो त्यांनी जाळला, आणि ज्या न्यायालयात आपली बाजू मांडता येत होती त्याचा हुकूम, अन्यायाचा वाटत असतानाही, पाळला. वकील आणि पुढारी यांची फारकत करू पाहणाऱ्यांनी या एका परिषदेकडे नीट पाहावे, असे मला मनापासून वाटते.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, पण दावा चालत राहिला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. नऊ वर्षे आणि तीन महिने! दरम्यान बाबासाहेब मुंबई कायदे मंडळाचे नियुक्त सदस्य होते, गोलमेज परिषदेला जाऊन आले होते, १९३५ पासून मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता, आणि निकालाच्या आदल्याच महिन्यात ते विधानसभेवर निवडून आले होते.

दावा जिंकला, हे सगळे सांगतात. तो कशावर जिंकला, हे वकिलाने पाहायचे असते. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून चालत आलेली आहे, असे वादींचे म्हणणे होते, आणि ते त्यांना पुराव्याने शाबीत करता आले नाही, म्हणून न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी वादींचे अपील फेटाळले. रूढी शाबीत झाली असती, तर ती गैरवाजवी आहे की नाही याचा विचार कदाचित करावा लागला असता, एवढेच न्यायालयाने म्हटले. याचा अर्थ उघड आहे : दुसऱ्या एखाद्या गावात वादींना जुने कागद आणि पक्के साक्षीदार मिळाले असते, तर तिथली माणसे पाण्यासाठी पुन्हा न्यायालयाच्या मतावर अवलंबून राहिली असती.

आता राज्यघटना उघडा. ज्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्या कामातून आलेल्या अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' या शब्दाच्या व्याख्येत रूढी आणि परिपाठ यांचाही समावेश आहे, म्हणजे मूलभूत हक्कांशी विसंगत असलेली रूढी कितीही जुनी शाबीत केली तरी ती टिकत नाही. अनुच्छेद १५ मध्ये सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा नावाने उल्लेख आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. या तरतुदी संविधान सभेने मिळून स्वीकारल्या, त्या एकट्याच्या नव्हेत. तरीही 'तलाव' हा शब्द वाचताना मला दरवेळी महाडचा दावा आठवतो. न्यायालयात जे अर्धवट राहिले ते कायदे मंडळात पुरे करावे लागते, हे नऊ वर्षे तारखा सोसलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागले नाही. त्यांच्या राजकारणाची निकड या कामातूनच आलेली होती.

तेव्हा तुमच्यापुरते सांगायचे, तर सनद सोडण्याची घाई करू नका. ज्या गरीब अशिलाचे काम कायद्यातच वाट नसल्यामुळे अडते, त्याची टिपणे वेगळी ठेवत जा. उद्या नगरसेवक झालात किंवा नुसते निवेदन घेऊन महापालिकेत गेलात, तरी त्यांचा उपयोग होईल. आणि १९३७ चा तो निकाल मुळातून वाचा. तो फार मोठा नाही.

प्रश्न : बाबासाहेबांच्या वकिलीच्या काळाशी आपल्या सोलापूरचा काही संबंध आहे का?
— निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : आहे, आणि तो अगदी सुरुवातीचा आहे. वकिली सुरू करून वर्ष होते न होते तोच, २० जुलै १९२४ रोजी, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये होती. या सभेने जानेवारी १९२५ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले, ते सोलापुरात. हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणाची तिथे सोय होती, आणि सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा अनुदान दिले. व्यवस्था पाहत असत ते आपले जिवाप्पा ऐदाळे. १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबईतून विधानसभेवर गेले, तेव्हा सोलापुरातून ऐदाळेही निवडून गेले होते.