बंद पडणारी गाडीच बरी

डावीकडची सीट : वाचकांचे प्रश्न
(साताऱ्यात बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या आमच्या स्तंभलेखिका वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

मॅडम, नमस्कार. मी कराडचा, वय ३१. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स केलाय, आठ वर्षं गाडी चालवतोय. आता स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढायचं म्हणतोय. पैसे एकाच गाडीपुरते आहेत. ओळखीतल्या एकाची २०१६ ची डिझेल हॅचबॅक साडेतीन लाखांत मिळतेय. भाऊ म्हणतो, कर्ज काढ पण नवी पेट्रोल अल्टो के-१० घे. बाकी सगळे म्हणतात डिझेलच घे. खर्चाला परवडते, शिवाय बंद पडत नाही, पोरं पटकन शिकतात. काय करू?

भाऊ, “बंद पडत नाही” हे तुम्ही डिझेलच्या जमेला धरलंय. मी ते खर्ची टाकते. का, ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

२०१२ साली मीही डिझेलच घेतली होती. तेव्हाचे भाव आठवा. त्या मे महिन्यात पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांनी वाढलं आणि पेट्रोल-डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक पडला. पेट्रोलचे भाव सरकारने २०१० मध्येच मोकळे केले होते, डिझेलचे मात्र २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत धरून ठेवले. त्या चार वर्षांत ज्याला त्याला डिझेल हवं होतं. मी बुकिंग करून पाच महिने थांबले. गाडी दारात आली त्या दिवशी आमच्या जुन्या मारुती ८०० कडे बघून मी मनात म्हटलं, बाई, तुझी आता सुटका झाली.

पहिले सहा महिने मी खूश होते. शिकणारे त्याहून खूश. डिझेल इंजिनाला कमी आरपीएमलाही, म्हणजे इंजिन मिनिटाला कमी फेरे घेत असतानाही, ओढ असते. सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाकून क्लच सावकाश सोडला, की ॲक्सिलरेटरला पाय न लावताही गाडी बैलासारखी चालायला लागते. त्यातून इंजिन दमायला लागलं की आतला संगणक आपणहून थोडं डिझेल वाढवतो. शिकणाऱ्याने क्लच जरा लवकर सोडला, जरा वेडावाकडा सोडला, तरी गाडी सांभाळून घेते. चौथ्या दिवशीच माणूस पोवई नाक्यापर्यंत गाडी नेऊन आणायचा. मला वाटायचं, काय भारी शिकवते मी.

मग एक बँकेतल्या ताई शिकून गेल्या. परीक्षा पहिल्याच फटक्यात पास. पंधरा दिवसांनी घरी नवी पेट्रोल गाडी आली. राजवाड्याकडून समर्थ मंदिराकडे चढताना वर चौकात गर्दी होती म्हणून थांबल्या आणि मग गाडी उचलेना. एकदा बंद, दोनदा बंद, पाच वेळा बंद. मागे एसटी, एसटीमागे रिक्षा, आणि गाडी दर वेळी वीतभर मागे. शेवटी एसटीचा कंडक्टर उतरला आणि त्याने मागच्या चाकाला दगड लावला. दुसऱ्या दिवशी ताई माझ्या ऑफिसात. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही मला गाडी शिकवली की तुमची गाडी शिकवली?”

मी त्यांना आणखी सहा दिवस शिकवलं. पैसे घेतले नाहीत. त्यांच्याच गाडीत बसून बघितलं, तर डाव्या पायाला काहीच येत नव्हतं. क्लच नेमका कुठे पकडतो, बॉनेट किंचित कधी उचलतं, इंजिनाचा आवाज कधी बसायला लागतो, त्या वेळी उजव्या पायाने किती रेस द्यायची, हे सगळं माझी डिझेल गाडी त्यांच्या वतीने करत होती. छोट्या पेट्रोल इंजिनाला ही भलाई जमत नाही. क्लच सटकन सोडला की खाडकन बंद. दिवसात बारा वेळा बंद पडते, आणि त्या बारा वेळांतच पाय शिकतो.

डिझेलची दुसरी खोड टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या पंख्याची. माझ्या त्या गाडीत दोन हजार आरपीएमपर्यंत काहीच घडायचं नाही. नवशिक्या म्हणायचा, जात नाही वाटतं, आणि पाय आणखी दाबायचा. दोन हजार ओलांडले की मागून कुणी ढकलल्यासारखी गाडी उसळायची. माझ्या बाजूला क्लच आणि ब्रेक, हे दोनच पेडल. ॲक्सिलरेटर त्याच्याकडे. त्याने घाबरून पाय तिथेच गोठवला तर मला दोन्ही पाय मारून गाडी धरावी लागायची. यवतेश्वरच्या घाटात, वळणाच्या तोंडावर, हे दोनदा झालं. दुसऱ्या वेळेनंतर ती गाडी मी घाटात नेली नाही.

जुन्या मारुती ८०० ला इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर, टर्बो नाही. पाय जेवढा दाबला तेवढीच पळायची. पाय आणि गाडी यांचा हिशेब शिकणाऱ्याला लगेच कळायचा. त्या गाडीचं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं तेव्हा राज्यातल्या निम्म्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं असेल. मला तरी वाटलं.

एक गंमत सांगते. आपल्याकडे शिकायला येणाऱ्यांत ट्रॅक्टर चालवणारे असतात. कोरेगावकडचा एक पोरगा, ऊस वाहतुकीच्या डबल ट्रॉल्या रिव्हर्स घेण्यात पटाईत. त्याला पेट्रोल गाडीवर बसवलं, तर पहिल्या दिवशी वीसेक वेळा बंद पाडली. ट्रॅक्टरचा क्लच तो टाच टेकून धाडकन सोडायचा, ट्रॅक्टर ते खपवून घेतो. त्याला वाटलं माझीच गाडी बिघडलीय. तो डिझेलवर शिकला असता तर तीच सवय घेऊन बाहेर पडला असता.

आता पैसे, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे. माझी वही समोर घेतलीय. आठ शिकाऊ, प्रत्येकी अर्धा तास, धरून चाला दिवसाला ५० किलोमीटर, महिन्याला १२५०. शिकाऊ माणसाच्या हातात माझी पेट्रोल अल्टो लिटरला १४ देते. जाहिरातीतला आकडा विसरा. आपली गाडी अर्धा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. डिझेल १७ द्यायची. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरलं, तर पेट्रोलचा महिन्याचा खर्च सुमारे ९३०० आणि डिझेलचा ६७००. म्हणजे वर्षाला ३१ हजार डिझेलच्या बाजूने. हे मी लपवत नाही.

पण त्या ३१ हजारांना वाटेत बरेच हात लागतात. शिकाऊ गाडीचं क्लच सेट मला साधारण वर्ष-दीड वर्षात बदलावं लागतं. अल्टोला मजुरीसकट सात हजार, त्या डिझेलला चौदा. सर्व्हिसिंगला ऑइल जास्त, फिल्टर महाग, बॅटरी मोठी. चौथ्या वर्षी एका इंजेक्टरने (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) १७ हजार खाल्ले, आणि इंजेक्टर चार असतात. तुम्ही घेताय ती गाडी २०१६ ची. टर्बो, इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, सगळं सेकंडहँड. तुम्ही स्वतः मेकॅनिक, त्यामुळे तुमचा खर्च माझ्यापेक्षा कमी येईल. पण गाडी जितके दिवस गॅरेजमध्ये, तितके दिवस आठ शिकाऊ घरी बसणार, आणि तुमच्याकडे दुसरी गाडी नाही. सगळं धरून माझ्या वहीत शेवटी डिझेल वर्षाला आठ-दहा हजारांनी स्वस्त पडलं. तेवढ्यासाठी मी आता घेणार नाही. २०१९ मध्ये ती विकली आणि पेट्रोलवर आले.

हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरलंय, हेही धरा. आपल्याच उसाचं आहे म्हणून तक्रार करायची सोय नाही.

आणि नवी छोटी डिझेल घ्यायची म्हटलं तरी मिळतेय कुठे? एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक नियम, आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. मग बाकीच्यांनीही छोट्या गाड्यांतून डिझेल काढून घेतलं. आता हॅचबॅकमध्ये टाटाची अल्ट्रोझ उरलीय, तिच्या किमतीत तुमचं बजेट कधीच संपेल. शिवाय बीएस-६ डिझेलच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ गरम चालावी लागते. ग्राउंडवर आठ-आठचे आकडे काढणाऱ्या गाडीला ते सुख मिळत नाही.

भावाचं ऐका, पण एक दुरुस्ती करून. चांगल्या अवस्थेतली तीन-चार वर्षांची पेट्रोल अल्टो किंवा वॅगन आर बघा. शिकाऊ माणूस पहिल्या वर्षात बंपरला चार ठिकाणी पोचे पाडणारच, नव्या गाडीवर ते बघवत नाही. तुमच्या भागात सीएनजी पंप जवळ असेल तर कंपनी फिटिंगची सीएनजी गाडी आणखी परवडेल. माझी दुसरी गाडी तीच आहे. चढावर जीव कमी पडतो, म्हणून घाटाच्या पायथ्याला मी डॅशबोर्डवरचं बटण दाबून पेट्रोलवर घेते. पंपावरच्या रांगेत जाणारा वेळही हिशेबात धरा, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी चुकवू नका.

गाडी कुठलीही घ्या, ती तुमच्या नावावर हवी, डाव्या बाजूला डबल कंट्रोल (शिकवणाऱ्यासाठी वेगळे क्लच-ब्रेक) हवा आणि ती फक्त शिकवण्यासाठीच वापरायची, नाहीतर आरटीओ परवाना देणार नाही. शिकवणारा दहावी पास, पाच वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव आणि मोटर मेकॅनिकचं सरकारी संस्थेचं प्रमाणपत्र. ते तुमच्याकडे आहे. अभ्यासक्रम किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालवणं किमान दहा तासांचं. “सात दिवसांत गाडी शिका” असा बोर्ड तेवढा लावू नका.

मी फलटणची गृहिणी, वय ४६. वीस वर्षं स्कूटी चालवते. घरी पेट्रोल वॅगन आर आहे. इथल्या एका क्लासमध्ये पेट्रोल गाडीवर तीन दिवस गेले. सारखी बंद पडते, मागचे हॉर्न मारतात, हात थरथरतात. दुसऱ्या क्लासमध्ये डिझेल गाडी आहे, ती बंद पडत नाही म्हणे. जाऊ का तिकडे?

ताई, वर मी डिझेलला एवढी नावं ठेवली, पण तुमच्यापुरता शब्द थोडा मागे घेते. ज्यांचा जीव गाडीत बसल्याबसल्या घशात येतो, त्यांना पहिले चार-पाच दिवस डिझेल बरी. बंद पडण्याची भीती नसली की स्टिअरिंग, आरसे, रस्ता यांकडे लक्ष जातं. माझ्याकडे ती गाडी होती तेव्हा अशा बायकांना मी आधी तिच्यावर बसवायचे.

पण शिक्षण तिच्यावर संपवू नका. घरी पेट्रोल आहे, तर निम्म्याहून जास्त दिवस पेट्रोलवर हवेत. खरं तर क्लास न बदलता हे करून बघा: शिकवणाऱ्याला सांगा, दोन दिवस मला रस्त्यावर नेऊ नका, मोकळ्या मैदानावर न्या. पहिला गिअर टाकायचा, ॲक्सिलरेटरला हात— म्हणजे पाय— लावायचा नाही, आणि नुसत्या क्लचवर गाडी इंच-इंच पुढे आणायची. पेट्रोल गाडीही सपाटीवर अशी सरकते, फक्त क्लच अगदी सावकाश सोडावा लागतो. तीस वेळा करा. पंधरा वेळा बंद पडेल, पडू दे, मैदानावर हॉर्न मारायला कोणी नसतं. स्कूटीला क्लच नाही, म्हणून तुमचा डावा पाय आजवर नुसता टेकायच्या कामाचा होता. त्याला थोडा वेळ द्या.

शिकवणारा त्यावर हसला, किंवा “मॅडम, सोडा, तुम्हाला जमणार नाही” म्हणाला, तर मात्र क्लास बदला. मग गाडी कुठली का असेना.

आमच्या घरी दोन गाड्या आहेत, पप्पांची डिझेल आणि माझी नवी पेट्रोल. मागच्या आठवड्यात पप्पांच्या गाडीत मी चुकून पेट्रोल भरून घेतलं. पंपावरच लक्षात आलं. गाडी सुरू केली नाही, पण घरी फार बोलणी खाल्ली. एवढं काय बिघडतं? – कॉलेजमधली वाचक, वाई

गाडी सुरू केली नाहीस, तिथेच तू जिंकलीस, हे पप्पांना सांग. डिझेल हे इंधन तर आहेच, शिवाय आतल्या हाय प्रेशर पंपाला आणि इंजेक्टरना तेच वंगण देतं. पेट्रोल पातळ आणि कोरडं. ते आत गेलं की धातूवर धातू घासतो आणि लोखंडाचा चुरा सगळ्या लाइनमध्ये पसरतो. मग बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. चावी नुसती ऑन केली तरी बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप इंधन पुढे ढकलायला लागतो, म्हणून चावीलाही हात लावायचा नाही. गाडी ढकलून बाजूला घ्यायची, टाकी उपसून घ्यायची, बस.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी, स्टिअरिंगला हात लावण्याआधी, टाकीचं झाकण उघडायला लावते. आतल्या बाजूला इंधनाचं नाव लिहिलेलं असतं ते मोठ्याने वाचायचं. कॉलेजची पोरं हसतात. तुझ्या पप्पांनाही एकदा वाचायला लाव.