आजीबद्दल काय लिहू?

प्रश्न : माझी आजी दोन महिन्यांपूर्वी गेली. पाटण तालुक्यात ती सरकारी नर्स होती. तिच्याबद्दल लिहायला बसले की ‘प्रेमळ, कष्टाळू’ यापुढे पेन सरकत नाही. सुरुवात कुठून करू?
– एक नात, कराड

उत्तर : ताई, तिच्या हातांपासून करा. माझी आजीही नर्स होती. तिच्याकडे स्टीलचा एक लांबट डबा होता. त्यात काचेची सिरिंज आणि सुया स्टोव्हवर उकळत. पाणी खळखळलं की ती घड्याळ बघायची, आणि वेळ पुरी होईपर्यंत कुणाशी बोलायची नाही. मला ती तशीच आठवते, पदर खोचून, वाफेत उभी.

तुमच्या आजीने देवीची लसही टोचली असेल. दोन टोकांची सुई, टोकांमध्ये लसीचा एक थेंब, दंडावर भराभर टोचण्या. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला, तो अशाच बायकांच्या पायपिटीमुळे. हे आपण फार लवकर विसरलो, याचं मला वाईट वाटतं.

आणि ११ डिसेंबर १९६७ ची पहाट? कोयनेचा भूकंप. तेव्हा आजी नोकरीत होती का, कुठे होती, घरच्या मोठ्यांना विचारा. मग गावात जा. तिने ज्यांची बाळंतपणं केली, त्या म्हाताऱ्यांजवळ बसा. त्या तिला काय हाक मारायच्या, तेच पहिलं वाक्य करा.