स्टुटगार्टला येऊ का, असं विचारणाऱ्या चाकणच्या इंजिनिअरला

तुझा मेसेज दोनदा वाचला. वय एकतीस, मेकॅनिकल, चाकणला गिअरबॉक्स डिझाईनमध्ये सहा वर्षं, जर्मन ए-टूपर्यंत (भाषेच्या सहा पायऱ्यांतली दुसरी; पुढे बी-वन, बी-टू), मुलगी चार वर्षांची, बायको फिजिओथेरपिस्ट, आईला बीपी. प्रश्न चार: एम.एस. करून यावं की थेट नोकरी शोधावी, पगारात भागतं का, दवाखान्याचं कसं, आणि ए-टूवर निभेल का. मी २०१५ साली पिंपरीहून स्टुटगार्टच्या बाजूला आले, तुझ्याच लाईनमधली. त्यामुळे जे सांगते ते याच भागापुरतं. बर्लिनचं मला विचारू नकोस.

एम.एस.चं आधी निकालात काढते. सहा वर्षांच्या अनुभवावर, पदरी संसार असताना, पुन्हा विद्यार्थी होण्यात मला अर्थ दिसत नाही. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे आपल्याकडे अजून सांगतात, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग ह्या स्टुटगार्टच्या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी सुरू झाली. वर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठराविकच पैसे काढता येतात अशा खात्यात, वर्षाच्या खर्चाचे पैसे (२०२५ साली ११,९०४ युरो) आधीच भरून ठेवायचे, पदवीची कागदपत्रं तपासून देतात ते एपीएसचं सर्टिफिकेट काढायचं आणि दोन वर्षं पगार बंद. लाईनच बदलायची असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर अनाबिन नावाच्या डेटाबेसमध्ये तुझं कॉलेज 'एच प्लस', म्हणजे इथे मान्य, आहे का ते बघ, आणि असेल तर इथली ऑफर हातात घेऊन ब्लू कार्डवर, म्हणजे पदवीवाल्यांच्या नोकरीच्या परवान्यावर, ये. त्याला पगाराची अट २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरो होती, इंजिनिअरसारख्या टंचाईच्या पेशांना सुमारे ४३,८००. २०२४ पासून चान्सनकार्टं निघालंय, म्हणजे इथे वर्षभर राहून नोकरी शोधायची परवानगी. तेविशीतल्या पोरांनी खुशाल यावं त्याच्यावर. तू चाकणची नोकरी सोडून येऊ नकोस.

गिअरबॉक्सबद्दल मात्र स्पष्ट बोलते. स्टुटगार्ट म्हणजे गाड्या, हे समीकरण सध्या डळमळलंय. २०२४ पासून गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या मोठमोठ्या कंपन्यांनी नोकरकपात जाहीर केलीय, आणि पेट्रोल-डिझेलच्या गाडीशी बांधलेलं काम पहिल्यांदा कमी होतंय. तुझ्या सी.व्ही.मध्ये 'ट्रान्समिशन' ठळक अक्षरात आहे, ते जरा खाली सरकव. कास्टिंग, टॉलरन्स, एनव्हीएच (आवाज-कंपनांचं काम), सप्लायरकडून पार्ट वेळेवर काढून घेणं, हे वर आण. मशिन टूल्स, पॅकेजिंग मशिन, रेल्वे इथे बघ. दक्षिणेला टुटलिंगनला तर गावच्या गाव शस्त्रक्रियेची उपकरणं बनवतं. पण ह्यातल्या पुष्कळ कंपन्या लहान गावांतल्या, दोन-तीनशे माणसांच्या. तिथे शॉप फ्लोअरवर इंग्रजी चालत नाही. म्हणजे ए-टूचं उत्तर तुला इथेच मिळालं. इंटरव्ह्यूपुरता बी-वन, टिकायला बी-टू.

आणि बी-टू घेऊनही पहिले काही महिने तोंडात मारल्यासारखे जातात, कारण क्लासमध्ये शिकवतात ते जर्मन इथे कुणी बोलत नाही. श्वाबियन, म्हणजे ह्या भागातला माणूस घराला 'हाउस' म्हणत नाही, 'हॉयस्ले' म्हणतो. दिसेल त्या वस्तूला 'ले' लावतो आणि अर्धा शब्द गिळतो. मी बोलायला शिकले ती जिन्यात. इथे केअरवोखं नावाचा प्रकार आहे. बिल्डिंगमधल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा. पाळी आली की दारावर पाटी लटकते. पहिल्या पाळीला मी आपला वरवर झाडू फिरवला. तळमजल्यावरच्या आजी आल्या, चष्मा पुढे घेतला, कठड्याच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. बोलल्या काहीच नाहीत. नंतर पुढची दोन वर्षं दर पाळीला त्यांच्याशी दहा-पंधरा मिनिटं बोलायचे, तो माझा क्लास.

ऑफिसात तास कमी आणि काम घट्ट. शुक्रवारी दुपारी दोनला पार्किंग रिकामं होतं. करारात तीस दिवस सुट्टी असते, आणि सुट्टीवर गेलेला माणूस खरंच गेलेला असतो. माझा बॉस ऑगस्टमध्ये तीन आठवडे गायब असतो, कुणी त्याला फोन करत नाही. आपल्याला जड जातं ते दुसरंच. मी आल्या-आल्या एका ड्रॉईंगबद्दल मीटिंगमध्ये 'शुक्रवारपर्यंत होईल' म्हणून टाकलं, आपण म्हणतो तसं. शुक्रवारी नाही झालं. सोमवारी एकजण सगळ्यांसमोर मिनिट्स उघडून शांतपणे म्हणाला, 'तू शुक्रवार म्हणाली होतीस.' राग नाही, टोमणा नाही, फक्त वाक्य. सहा महिने प्रोबेशन असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात, तेव्हा 'होईल' हा शब्द पुण्यातच ठेवून ये.

पैसे. वर्षाला साठ हजार युरोंचं पॅकेज धर. बायको कमावत नसेल तर तुझा टॅक्स क्लास तीन, हातात सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे महिना साडेतीन हजार युरो. वर मुलीचे किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, २०२५ साली महिना २५५ युरो. तीन खोल्यांचं घर सगळं धरून चौदाशे-पंधराशेला. तीन खोल्या म्हणजे आपला टू बीएचके, कारण हॉल मोजतात, स्वयंपाकघर मोजत नाहीत. मोजत नाहीत कसले, पुष्कळदा ते नसतंच. आम्ही पहिल्या घरात शिरलो तेव्हा त्या खोलीत भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ आणि एक वायर होती. ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेलेला. तीन आठवडे मी कुकर बाथटबमध्ये घासलाय. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत, आणि वर स्वयंपाकघराचे दोन-तीन हजार, हे गाठीला बांधून ये. भागतं, नीट भागतं, पण पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता इथून फेडू, हे गणित पहिली दोन वर्षं जमणार नाही.

रविवारी दुकानं बंद, पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांना २५ सेंट पफांड (बाटली परत केली की मिळणारी अनामत), डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो. ह्या सगळ्याची सवय होते. भारतातलं लायसन्स सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा पुन्हा. मी प्रत्यक्षमध्ये एकदा नापास झाले. पुण्यात बारा वर्षं गाडी चालवल्यामुळेच झाले, असं मास्तरांचं मत पडलं.

दवाखाना. सरकारी विम्याचे पैसे पगारातून कापतात, अर्धे कंपनी भरते, आणि न कमावणारी बायको नि मुलगी त्यातच जास्तीचा एक पैसा न देता येतात. आजारी पडलास तर सहा आठवडे पूर्ण पगार. पण ताप आला म्हणून अँटिबायोटिक मिळेल ही आशा सोड. चहा प्या, झोपा, तीन दिवसांनी या. स्पेशालिस्टची वेळ महिना-दोन महिन्यांनी मिळते. ११६११७ हा नंबर लिहून ठेव, अपॉइंटमेंट मिळवायला आणि रात्री-बेरात्री डॉक्टर लागला तर. जीवावरचं असेल तर ११२.

आईंचं अवघड आहे. १ मार्च २०२४ पासून पुढे पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना आणायची मुभा कायद्याने दिलीय, पण त्यांच्या खर्चाची आणि आरोग्यविम्याची पूर्ण सोय आपण दाखवायची. सरकारी विमा त्यांना मिळत नाही, आणि ह्या वयात, बीपी असताना, खासगीवाले दारात उभं करत नाहीत. भाऊ किंवा बहीण जवळ राहणारं असेल तर आधी त्यांच्याशी बोल. हे विमानाचं तिकीट काढल्यावर बोलायचं नसतं.

आता बायको. तुझ्या अख्ख्या मेसेजमध्ये ती एका शब्दात आली आणि गेली. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा माफ आहे, आणि ही सवलत मला खड्डा वाटते. तिला आल्या दिवसापासून काम करायची परवानगी असते, फक्त करता येत नाही. फिजिओथेरपिस्टला इथे पदवीची मान्यता घ्यावी लागते आणि साधारण बी-टू जर्मन लागतं. आधी मला हे जाचक वाटायचं.

मग २०१८ ला माझी पाठ धरली. कमरेत चमक भरलेली, मांडीपर्यंत सणक जायची, रात्री ठणका. मराठीत सगळं तोंडाशी, आणि जर्मनमध्ये माझ्याकडे एकच शब्द, 'श्मेर्त्सन', म्हणजे दुखणं. डॉक्टरांनी विचारलं, श्टेखंड की डुम्फ? मला दोन्ही माहीत नव्हते, दोन्हीला 'या', म्हणजे हो, म्हणाले, आयब्युप्रोफेन घेऊन घरी आले. पुढे फिजिओथेरपी लिहून मिळाली. त्या बाईंनी एक बोट माझ्या पाठीत टोचल्यासारखं दाबलं, मग पूर्ण तळवा ठेवून दाबला, आणि विचारलं: असं दुखतं, की असं? पहिलं श्टेखंड, दुसरं डुम्फ. त्या बाई दिवसभर हेच करतात, माणसाला कसं दुखतंय ते त्याच्याकडून काढून घेतात. तुझ्या बायकोचाही धंदा तोच. इथे ह्या कामाला माणसं मिळत नाहीत, पण भाषेवाचून तिला कुणी रुग्णाला हात लावू देणार नाही.

म्हणून क्लासची फी एकाचीच परवडत असेल तर तिची भर. तू ऑफिसात धडपडत शिकशील, मुलगी किंडरगार्टनमध्ये सहा महिन्यांत बोलायला लागेल आणि तुझे उच्चार सुधारेल. घरात चार भिंतीत राहील ती बायको. माझ्या ओळखीतली जी घरं दोन-तीन वर्षांत परत गेली, त्यातल्या बहुतेकांत नवऱ्याची नोकरी व्यवस्थित होती.

मान्यतेसाठी तिच्या कॉलेजातून कोणत्या वर्षी किती तास, किती प्रॅक्टिकल, हे सही-शिक्क्यानिशी लागतं, आणि ते तिथे असतानाच काढलेलं बरं. त्याची यादी माझ्याकडे आहे. पण ती तुला नाही पाठवत. तिला मला मेसेज करायला सांग.