जुनं आरव्ही-६ घेण्याआधी
अमेरिकेत दुसऱ्याने घरी बांधलेलं आरव्ही-६ हे छोटं विमान घेतोयस, तर रंगावर भाळू नकोस. टॉर्च घेऊन पंखाखाली आडवा हो, टाकीच्या रिव्हेटांभोवती नीट बघ. निळसर डाग दिसला तर इंधन झिरपतंय; १००एलएल, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, निळंच असतं. माझ्या विमानाला असा नखाएवढा डाग होता. मी धूळ समजून पुसला आणि पुढचा अख्खा हिवाळा सीलंट खरवडण्यात गेला.

रिपेअरमन सर्टिफिकेट, म्हणजे स्वतः बांधलेलं विमान स्वतः तपासण्याचा परवाना, मूळ बांधणाऱ्याचं असतं, विमानाबरोबर ते मिळत नाही. दर १२ महिन्यांच्या तपासणीला सहसा ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचं सर्टिफिकेट असलेला) मेकॅनिक लागेल. तो आधी शोध, सगळेच अशा विमानाला हात लावत नाहीत.

आणि सुरुवातीची उड्डाणं याच मॉडेलवर मुरलेल्या प्रशिक्षकाबरोबर कर, बाबा. आरव्ही-६ टेलव्हीलचं आहे, म्हणजे तिसरं चाक शेपटाखाली. चाकं टेकल्यावरही पाय रडरच्या, म्हणजे शेपटातल्या सुकाणूच्या, पेडलवर जागते लागतात.