वाचकांचे प्रश्न : शिकारीची मुभा, तरीही संवर्धन?

प्रश्न : अमेरिकेतील राज्य सरकारांची काही वन्यजीव क्षेत्रे शिकार आणि मासेमारीसाठी सर्वांना खुली असतात, असे वाचनात आले. शिकारीला मुभा देऊन वर त्याला संवर्धन म्हणणे कितपत योग्य?

उत्तर : विसंगती वाटते खरी, पण या क्षेत्रांचा खर्च कोण उचलतो हे पाहिले, की तिचा बराचसा उलगडा होतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुका व काडतुसांवरील ११ टक्के आणि पिस्तुलांवरील १० टक्के अबकारी कराचे उत्पन्न राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी दिले जाते. मंजूर कामाच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र उचलते. खरी मेख पुढे आहे : शिकार परवान्यांचे शुल्क राज्याने वन्यजीव खात्याबाहेर वळवले, तर हा निधी त्याला मिळत नाही. मासेमारीच्या साहित्यावरील कराची अशीच व्यवस्था १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने केली.

पैसा कुठे जातो, हे एखाद्या पाणथळ क्षेत्राच्या बांधावर उभे राहिले की दिसते. वसंतात मोरीतल्या फळ्या एकेक करून काढल्या जातात, पाणी हळूहळू ओसरते आणि उघड्या पडलेल्या चिखलात रानटी तृणधान्ये उगवतात. दाणा पिकल्यावर शरद ऋतूत फळ्या पुन्हा बसवून जेमतेम वीतभर पाणी साठवतात, कारण पाण्यात फक्त मान बुडवून चरणाऱ्या बदकांची चोच त्याहून फारशी खोल पोहोचत नाही. हरणांच्या मोसमात अनेक ठिकाणी शिकाऱ्याला सावज तपासणी नाक्यावर आणावे लागते. तेथे जबडा उघडून दाढांच्या झिजेवरून वयाचा अंदाज घेतला जातो, आणि पुढील वर्षी किती परवाने द्यायचे हे ठरवताना अशा नोंदी उपयोगी पडतात. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर तर १९९१ पासून देशभर बंदी आहे, कारण तळाशी पडलेले छरे खडे समजून गिळणारी बदके विषबाधेने मरत.

तरीही ही व्यवस्था निर्दोष आहे, असे मला वाटत नाही. राज्याचा वाटा ठरवताना निम्मे वजन भूक्षेत्राला आणि निम्मे परवानाधारकांच्या संख्येला दिले जाते. त्यामुळे ज्यांची शिकार होते त्या हरणांकडे आणि बदकांकडे खात्याचे लक्ष आपोआप अधिक जाते, बेडूक आणि लहान गाणारे पक्षी मात्र मागे राहतात. त्याच बांधावर दुर्बीण घेऊन येणाऱ्या पक्षीनिरीक्षकाच्या दुर्बिणीवर असा कोणताही कर नाही.