उत्तर आजीकडेच राहू दे

प्रिय,

घरातल्या माणसांना एकमेकांकडे वळवणाऱ्या तुझ्या ॲपचा आराखडा नीट वाचला. मुलाने पानाफुलाचा फोटो काढायचा, ॲपने नाव सांगायचं आणि घराच्या खात्यात गुण जमा व्हायचे. ॲपचे पडदे देखणे झालेत. पण नाव ॲपने सांगितलं की शेजारी उभ्या आजीला बोलायला काही उरत नाही, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

फाल्गुनात आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सकडे जाताना नातू विचारतो, ‘आजी, हे कायचं झाड होय?’ आजी ‘पळस’ म्हणून थांबत नाही. फुलं उकळून होळीचा रंग कसा करत, पत्रावळ कशी टाचत, मोहफुलं वेचायला पहाटेच का निघावं लागे, सगळं मागोमाग येतं. ॲपने क्षणात नाव सांगून टाकलं तर यातलं काहीच निघत नाही.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन ॲप आवाजावरून पक्षी ओळखतं. गोरेवाड्याच्या जंगलात एकटी असते तेव्हा मीही ते उघडते, आणि मला ते फार आवडतं. पण ते एकट्या माणसासाठी आहे. तुला घरातली माणसं एकमेकांकडे वळवायची आहेत, तेव्हा तुझ्या ॲपने फक्त प्रश्न द्यावा. ‘आजी लहान असताना तिच्या अंगणात कोणतं झाड होतं?’ एवढं विचारावं आणि पडदा बंद व्हावा. उत्तर घरातच कुणाकडे तरी असतं.

मुद्दाम कमी सांगणं हेही डिझाइनच आहे. केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये घरात ठेवायचं एक घड्याळ केलं होतं. घरचं कोण कामावर, कोण शाळेत, कोण घरी, एवढंच त्यावर दिसे. नेमका पत्ता नाही. घरच्यांना तेवढ्यानेही धीर येई, आणि कुणावर पाळत ठेवल्यासारखं होत नसे. तुझ्या आराखड्यातला सगळ्यांची जागा दाखवणारा नकाशा म्हणूनच काढून टाक. वडिलांची फेरी चुकली की तुटणारी ती सलग दिवसांची साखळीही काढ. घरात अपराधीपणा वाटून कुणी बोलतं होत नाही.

आता आपल्या गावाचं. आवाजाने चालणारी सोय तू फेब्रुवारीत तपासलीस, तेव्हा ती छान चाललीही असेल. मे महिन्यात घरोघरी डेझर्ट कूलर घरघरत असतात. त्या आवाजात आजीचं बोलणं तुझ्या मायक्रोफोनला कळणार नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की दहानंतर कुणी मुलाला बाहेर सोडत नाही, आणि सोडलं तरी त्या उन्हात पडदा दिसत नाही. मग तुझ्या हाती उरते पहाट आणि रात्रीची गच्ची. पहाटे तांबटाचं टुकटुक गच्चीवरूनही ऐकू येतं, त्यासाठी अंबाझरी तलावावर जायलाच हवं असं नाही. उन्हाळ्याचे प्रश्न गच्चीवरून विचारता येतील असेच लिही. शिवाय बऱ्याच घरांत फोन एकच असतो, आणि तो संध्याकाळी कामावरून परत येतो. प्रत्येकाचं वेगळं खातं मागितलंस तर आजी पहिल्याच पायरीवर गळेल.

कोड लिहायच्या आधी एक काम कर. बिल गेव्हर हा डिझाइन संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘कल्चरल प्रोब्ज’ नावाची पद्धत मांडली. ऑस्लो, ॲमस्टरडॅम आणि इटलीतलं पेच्चोली इथल्या वयस्कर लोकांना त्यांनी पाकिटं दिली होती. त्यांत पोस्टकार्डं, नकाशे, साधे कॅमेरे. ‘तुम्हाला काय हवं?’ असा थेट प्रश्न त्यांनी केला नाही. तूही अशी पाकिटं बनव. एक महाल भागातल्या जुन्या घरात दे, एक मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये, एक अशा घरात जिथे आजी-आजोबा गावी राहतात. त्यात गल्लीचा हाताने काढलेला नकाशा ठेव आणि सांग, ‘जे झाड आता नाही ते इथे काढा.’ ते कोणी काढलं, कोणी दुरुस्त केलं, कुणाचं कुणाशी पटलं नाही, हे पाठीमागे लिहून घ्यायला सांग. मला त्या दुरुस्त्याच बघायच्या आहेत.

कॉलेजात तुला विचारतील, लोक ॲपवर किती वेळ राहिले. तो आकडा दे, पण शेजारी दुसराही मांड: प्रश्न दिसल्यावर फोन किती वेळ बाजूला पडून होता.

पुढच्या रविवारी ये. लॅपटॉप नको आणूस, पाकिटं परत आली असतील तेवढी आण.

तुझी,
ताई